‘मूल’ या शब्दाचे वय : बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासाविषयीच्या मराठी शब्दसृष्टीची चिकित्सा

मराठीत ‘मूल’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी योजिला जातो. एक अर्थ नात्याचा, दुसरा वयाचा. साठ वर्षांच्या गृहस्थाचा ‘अमक्यांचा मुलगा’ असा निर्देश झाला, तर ऐकणारा त्याच्या वयाविषयी काहीही अनुमान काढीत नाही. उलट शाळेच्या फाटकाशी ‘मुले सुटली’ असे कोणी म्हटले, तर ती कोणाची हा प्रश्न उद्भवत नाही. नित्याच्या व्यवहारात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत, कारण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस सर्वांच्या डोळ्यांदेखत मोठा होत असतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाविषयी बोलणे निघाले, की मात्र ही सीमारेषा पुसली जाते. ‘आमचे मूल मतिमंद आहे’ असे सांगणाऱ्या वृद्ध मातापित्यांच्या मुलाचे वय पंचेचाळीस असू शकते, आणि तरीही त्या वाक्यातील ‘मूल’ हा शब्द केवळ नाते सांगून थांबत नाही. वक्ता आणि श्रोता दोघेही तेथे वयाचाच अर्थ गृहीत धरतात. या सरमिसळीचे परिणाम भाषेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. अशा माणसाने कोठे राहावे, कोणाबरोबर राहावे आणि आईवडिलांच्या पश्चात त्याचे काय व्हावे, या प्रश्नांची मराठी समाजाने जी उत्तरे दिली, त्यांवर या एका शब्दाची छाया पडलेली आहे. प्रस्तुत चिकित्सेचा विषय तो आहे.

(‘मतिमंद’ हा शब्द आता विधिग्रंथांत मागे पडला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा प्रकार स्वीकारला. तथापि जुन्या पाट्यांवर आणि पालकांच्या बोलण्यात पहिलाच शब्द टिकून असल्यामुळे जेथे मूळ व्यवहाराचा उल्लेख आहे तेथे तो तसाच ठेवला आहे.)

मुंबईच्या उपनगरांतील या प्रकारच्या निवासाचा इतिहास मानखुर्दपासून सुरू होतो. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर, १९२७ मध्ये, चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था निराधार व गुन्ह्याच्या वाटेवर सापडलेल्या मुलांसाठी स्थापन झाली. आणि याच संस्थेने १९४१ मध्ये मानखुर्द येथे मतिमंद मुलांसाठी स्वतंत्र गृह उघडले. भारतातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या संस्थांत त्याची गणना होते. त्या काळी मानखुर्द मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होते. पुढे शहरच वाढत वाढत त्या गृहाभोवती येऊन उभे राहिले.

हे गृह ‘बालगृह’ का झाले, याचे कारण समजावून घेणे आवश्यक आहे. नाहीतर संस्थापकांवर अन्याय होईल. १९१२ च्या भारतीय वेड्यांविषयीच्या कायद्याने जन्मतः बुद्धी कमी असलेला आणि मागाहून भ्रमिष्ट झालेला अशा दोघांनाही एकाच व्याख्येत बसविले होते. मुलुंडच्या पलीकडे, ठाण्याला, १९०१ पासून मनोरुग्णालय होते. बेवारस सापडलेल्या मंदबुद्धी मुलासाठी कायद्याने उघडलेला दुसरा दरवाजा म्हणजे तोच. मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली गेली ती १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, म्हणजे मानखुर्दच्या स्थापनेनंतर सेहेचाळीस वर्षांनी. तेव्हा १९४१ मध्ये अशा मुलाला ‘वेडा’ न म्हणता ‘मूल’ म्हणणे ही सुटका होती. ‘मूल’ या शब्दाने त्याला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढले. परंतु ज्या शब्दाने दार उघडले त्याच शब्दाने पुढच्या खोलीचे दार लावून घेतले, कारण मुलांच्या कायद्याखाली उभारलेल्या गृहात प्रौढाची कल्पना करण्याचे कोणालाच प्रयोजन नव्हते.

याच सुमारास मानसशास्त्राने त्या शब्दाला शास्त्राचा आधार दिला. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, आणि १९०८ च्या सुधारित श्रेणीत प्रश्नांची मांडणी वयानुसार केली. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे कानडी व मराठी भाषकांसाठी रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ते रूपांतर पुढे रुग्णालयांत व शाळांत रूढ झाले. चाचणीतील ‘मानसिक वय’ ही संज्ञा मुळात एक माप आहे. सहा वर्षांची सर्वसाधारण मुले जी उत्तरे देतात तेवढीच देणाऱ्याचे मानसिक वय सहा, इतकाच तिचा आशय. मराठी लेखनात व व्याख्यानांत तिचे रूपक झाले : देह चाळिशीचा, मन सहा वर्षांच्या बालकाचे. वास्तविक चाळीस वर्षे जगलेल्या माणसापाशी चाळीस वर्षांच्या सवयी, आवडीनिवडी, मत्सर, ओळखी आणि दुःखे असतात. गोरेगावहून चर्चगेटला जाणारी गाडी कोणत्या फलाटावर लागते हे त्याला ठाऊक असते, वडिलांच्या मृत्यूनंतर घरातील कोणती खुर्ची रिकामी राहिली हेही ठाऊक असते. यांतील काहीही सहा वर्षांच्या मुलापाशी नसते. मापाचे रूपक होताना हा सारा ऐवज गळून पडला.

शब्दाच्या या दोन अर्थांचा सर्वांत स्पष्ट पडताळा मराठी ललितकृतींच्या शीर्षकांत मिळतो. जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांनी या विषयाला दोनदा हात घातला : ‘ऋणानुबंध’ ही कादंबरी आणि ‘नातीगोती’ हे नाटक. पुढे २०१७ मध्ये प्रसाद ओक यांनी ‘ऋणानुबंध’वरून ‘कच्चा लिंबू’ हा कृष्णधवल चित्रपट केला. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. या चित्रपटाच्या आधी, १९९१ मध्ये, संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ येऊन गेला होता. ही चार शीर्षके शेजारी शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. दोन नात्याची आहेत, दोन खेळाची. नाते आणि वय, ‘मूल’ या शब्दाचे तेच दोन अर्थ, चार शीर्षकांत समसमान विभागले गेले आहेत. कलावंतांनी हे योजून केले असण्याचा संभव कमी. त्यामुळेच हा पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

दळवींच्या शीर्षकांचा आधी विचार करू गेल्यास, ‘ऋणानुबंध’ या कल्पनेत सांभाळ करणे ही फेड आहे. मागील जन्मीचे देणे या जन्मी फेडायचे. या कल्पनेची थोरवी अशी की मातापिता आपल्या अपत्याला टाकीत नाहीत, तक्रारही फारशी करीत नाहीत. तिची मर्यादा अशी की ज्याचे देणे नाही त्याच्यावर कसलेही बंधन येत नाही. शेजारी, गृहनिर्माण संस्था, नगरपालिका, शासन यांपैकी कोणाचेही नाव त्या खात्यात नसते. ‘नातीगोती’ हे शीर्षकही माणसाचे वर्तुळ रक्तसंबंधापाशीच संपविते. मध्यमवर्गीय काटदरे दांपत्य आणि त्यांचा मुलगा हेच या नाटकाचे विश्व आहे. त्या मुलाला प्रेक्षक ज्या नावाने ओळखतो ते नाव ‘बच्चू’. एका व्यक्तीच्या नावातच तिचे वय कायमचे गोठविण्याचा याहून सरळ दाखला मराठी रंगभूमीवर शोधूनही सापडणे कठीण. अतुल परचुरे यांनी ती भूमिका गाजविली हे खरे, आणि दिलीप प्रभावळकरांच्या काटदऱ्यांविषयीही नाट्यरसिक आदराने बोलतात. परंतु अभिनयाची चर्चा जितकी झाली तितकी या नावाची झाली नाही.

असे असूनही दळवींना केवळ करुणेचे लेखक ठरविणे चुकीचे होईल. त्यांच्या कथावस्तूचे मर्म असे आहे की ‘बच्चू’ या नावाविरुद्ध बच्चूचे शरीरच साक्ष देते. ‘कच्चा लिंबू’त हे विशेष स्पष्ट झाले आहे. मुलाच्या अंगी तारुण्य येते, त्याच्या देहाला देहाचे धर्म कळू लागतात, आणि ज्या आईने त्याला आजवर न्हाऊमाखू घातले तिच्यासमोर अशी एक अवस्था उभी राहते की जिच्यासाठी भाषेत शब्द नाही. आईबाप एकाने दिवसा आणि दुसऱ्याने रात्री नोकरी करून त्याला सांभाळतात. पाळ्या वाटून घेतलेल्या त्या संसारात पतिपत्नी एकमेकांना भेटत नाहीत. बाहेरचे जग घरात शिरते ते आईच्या कचेरीतील साहेबाच्या रूपाने. त्याच्यापाशी सहानुभूती आहे, पण ती त्या स्त्रीसाठी. दळवींची दृष्टी निर्दय वाटेल इतकी स्वच्छ आहे. त्यांनी दाखविलेली घुसमट ही केवळ एका दुर्दैवी मुलाने निर्माण केलेली नसून, तीन माणसांनी एका खोलीत, कोणाच्याही मदतीवाचून, चोवीस तासांची व्यवस्था चालवावी या अपेक्षेने निर्माण केलेली आहे. मात्र ती अपेक्षा कोणाची, हा प्रश्न कथावस्तूच्या बाहेर राहतो. ‘ऋणानुबंध’ या शीर्षकाने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकलेले असते.

खेळाच्या शीर्षकांत अर्थाचा अधिक पदर आहे. ‘कच्चा लिंबू’ हा मुंबईच्या चाळींतून व वाड्यांतून खेळलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा शब्द. खेळात एखादे लहानगे हट्टाने घुसले, तर मोठी मुले त्याला हाकलून देत नाहीत. ‘तू कच्चा लिंबू’ म्हणून त्याला धावू देतात. तो पकडला गेला तरी बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. सामावून घेण्याची ही रीत मुलांनी स्वतः शोधून काढलेली आहे. तीत संस्था नाही, अनुदान नाही, उपकाराची भावनाही नाही. ‘समाजाधारित पुनर्वसन’ म्हणून आज ज्याचा गौरव होतो त्याचे एक जुने, अंगणातले रूप येथे आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु खेळातील कच्चा लिंबू पुढच्या सुट्टीत मोठा होतो आणि त्याच्यावर राज्य येऊ लागते. ज्याच्या बाबतीत ती पुढची सुट्टी कधीच येत नाही, त्याला सर्वांबरोबर धावता येते आणि त्याच्या धावण्याची मोजदाद कधीच होत नाही. ‘चौकट राजा’ या शीर्षकात राजेपण आहे, पण तेही पत्त्यांच्या डावातले. बालपणीच्या अपघाताने मन अधू झालेल्या प्रौढ नंदूची भूमिका प्रभावळकरांनी केली, तेव्हा ते पंचेचाळीशी ओलांडून गेले होते. आणि आईचे छत्र गेल्यावर नंदूचे काय, हा प्रश्न त्या चित्रपटाच्या मध्यभागी होता. त्या प्रश्नाचे ओझे बालपणीच्या मैत्रिणीच्या संसारावर पडते. म्हणजे नाते नसेल तर मैत्री, पण कोणातरी एका स्त्रीचे घर हवेच.

२०१४ च्या ‘यलो’ या चित्रपटाने वेगळी वाट धरली. महेश लिमये यांच्या या चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. पडद्यावर अशा व्यक्तीचे सोंग न आणता तिलाच आणणे हे मोठेच पाऊल. तरी पदक मिळवून दाखविल्याखेरीज मोठे होता येत नाही, अशी अट त्यात नकळत घातली जाते. पोहता न येणाऱ्या बहुसंख्यांच्या घराचा प्रश्न त्या चित्रपटाचा नव्हता, आणि त्याने तो सोडवावा अशी अपेक्षाही करू नये.

तारुण्याच्या ज्या क्षणापाशी दळवी थांबले, त्याच क्षणी शासकीय गृहांत काय घडले याची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकानेही ठेवली पाहिजे. १९९४ च्या फेब्रुवारीत, शिरूर येथील शासकीय गृहातील काही मतिमंद तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्रीसंघटनांनी आवाज उठविल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळच्या वादात शस्त्रक्रियेच्या समर्थकांचा युक्तिवाद ‘या मुली आहेत, त्यांना कळत नाही’ या धाटणीचा होता. ज्यांच्या शरीराने आपण मुली नाही असे सांगितले, त्यांच्या शरीरातून तो पुरावाच काढून घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे २००९ मध्ये, चंदीगढच्या एका शासकीय गृहातील तरुणीच्या प्रकरणी, बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तिला कळते की नाही, याऐवजी तिला काय हवे आहे, हे विचारण्याचा तो आरंभ होता.

येथे दुसरा एक शब्द विचारात घ्यावा लागतो : ‘पालक’. इतर अनेक भाषांत जन्म देणाऱ्यासाठी एक शब्द असतो आणि कायद्याने नेमलेल्या रक्षकासाठी दुसरा. मराठीत दोघेही पालकच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमण्याची सोय केली. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांची स्थानिक समिती हे काम करते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कुटुंबांना त्यासाठी वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. कायद्याने नेमलेल्या पालकावर हिशेबाचे बंधन आहे : सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्षाअखेर जमाखर्च. ऋणानुबंधात हिशेब मांडला जात नाही. कायद्याच्या पालकत्वात तो मांडावाच लागतो. पण शब्द एकच राहिल्यामुळे अर्ज करणाऱ्या वृद्ध बापाची समजूत अशी होते, की आपल्यानंतर दुसरा बाप नेमला जात आहे. मग तो स्वाभाविकपणेच भावाबहिणींत, पुतण्यांत, भाच्यांत असा बाप शोधू लागतो, आणि न सापडल्यास खचतो. २०१६ च्या कायद्यातील ‘मर्यादित पालकत्व’ याहून भिन्न आहे. ते विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते, आणि ज्याचा निर्णय आहे त्याच्याशी विचारविनिमय करून चालावयाचे आहे. याच कायद्याच्या पाचव्या कलमाने अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला असून अमुकच एका व्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही असे म्हटले आहे. बाप शोधण्याऐवजी घर शोधण्याची मुभा त्यात आहे. ‘पालक’ या शब्दाने ती झाकून टाकली.

घर शोधण्याचे काम उपनगरांतील काही पालकांनी मात्र या कायद्यांची वाट न पाहता हाती घेतले होते. शिक्षणाची सोय एव्हाना झाली होती. जय वकील यांनी आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली आणि पुढे शिवडीला स्थिरावलेली शाळा, पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये काढलेली ‘कामायनी’, आणि मुंबईत जुहूची ‘दिलखुश’, गोरेगावची ‘पुनर्वास’ अशा शाळा होत्या. शाळा संपल्यावर काय, हे कोणीच सांगत नव्हते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबई परिसरातील पालकांनी एकत्र येऊन बदलापूरला ‘आधार’ उभारले. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ उभे राहिले. दोन्हींचा उद्देश प्रौढांना आयुष्यभराचे घर देणे हा. स्वतःची पुंजी घालून, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, कर्मचारी टिकविण्याच्या रोजच्या अडचणी सोसून ही माणसे उभी राहिली. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही.

तरीही नावांकडे लक्ष जातेच. ‘आधार’ हा शब्द टेकणाऱ्याकडून येतो. ‘घरकुल’ हे घराचे लाडके, लहान रूप. भातुकलीतील संसाराचा वास त्याला आहे. आणि याला योगायोग म्हणावे की काय, राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या आजन्म निवासासाठी जी योजना काढली तिचे हिंदी नाव ‘घरौंदा’, म्हणजे मुलांनी मातीवाळूचे केलेले खेळण्यातले घर. दोन भाषांत, दोन निरनिराळ्या हातांनी, प्रौढाच्या घरासाठी बाळघराचाच शब्द पुढे यावा, यावरून ही कल्पना किती खोल रुजली आहे हे ध्यानात येते. स्वीडनच्या बेंग्ट निरिये यांनी १९६९ मध्ये ‘सामान्यीकरणा’चे तत्त्व मांडताना दिवसाची, आठवड्याची, वर्षाची आणि आयुष्याची लय असे शब्द वापरले : घर एकीकडे, काम दुसरीकडे, सुटीचा दिवस निराळा, आणि लहानपणानंतर मोठेपण. वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी त्याच सुमारास निवासी संस्थांच्या इतिहासाची छाननी करून दाखविले, की अशा माणसाला समाजाने आलटून पालटून ज्या भूमिका दिल्या त्यांत ‘चिरंतन बालक’ ही एक आहे, आणि इमारतीची रचनादेखील तिला अनुसरून होते. त्यांची कसोटी येथील संस्थांना जशीच्या तशी लावणे अप्रस्तुत होईल. स्वीडनमध्ये मोठ्या सरकारी वसाहती मोडून लोकांना गावात आणावयाचे होते. महाराष्ट्रात तशा वसाहती फारशा नव्हत्याच, बहुतेक माणसे घरीच होती आणि आहेत. २०११ च्या जनगणनेने भारतात मतिमंद म्हणून नोंदविलेल्यांची संख्या पंधरा लाखांवर दिली. त्यांपैकी निवासी संस्थांत राहणारे नगण्य.

निरिये यांच्या कसोटीतील एक भाग मात्र येथे नेमका लागू पडतो, आणि तो म्हणजे अंतराचा. मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या माणसाचे आजन्म घर बदलापूरला किंवा खोणीला का असावे? कारण उघड आहे : जमिनीची किंमत. पालकांच्या पुंजीत उपनगरात चार खोल्या घेता येत नाहीत. परंतु ज्याला मार्केटातील भाजीवाली नावाने हाक मारते, ज्याला कोपऱ्यावरचा दुकानदार सुट्या पैशांचा हिशेब न करता पाव देतो, त्या माणसाने चाळीस वर्षांत गोळा केलेली ओळख हीच त्याची खरी मिळकत असते. आणि ती बदलापूरला नेता येत नाही. मूल कोठेही नेले तरी रुळते, ही समजूत येथे कामी येते. प्रौढाविषयी तीच गोष्ट इतक्या सहजपणे बोलली गेली नसती. चाळीची गॅलरी ही या बाबतीत एक अलिखित संस्थाच होती. दारे उघडी, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर, आई बाजारात गेली तर शेजारीण बसलेली. पुनर्विकासात चाळी पडल्या आणि त्याच कुटुंबांना बंद दाराचे, उद्वाहकाचे घर मिळाले. जागा वाढली, नजर गेली. चाळीचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. त्याच गॅलरीतून चिडवणारेही पुष्कळ होते, आणि अनेक घरांतील असे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविले जाई. परंतु उपनगरात, ओळखीच्या रस्त्यावर, चार-पाच प्रौढांनी एखाद्या सोबत्याच्या मदतीने एका सदनिकेत राहावे, ही साधी कल्पना अजूनही नवलाईची वाटते. तिला मराठीत सुटसुटीत नावसुद्धा मिळालेले नाही.

इथवरच्या विवेचनावरून ‘मूल’ हा शब्द टाकून दिला म्हणजे काम झाले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. तो शब्द एका ठिकाणी कटाक्षाने टाकून दिला जातो आणि तेथे काय होते हे पाहण्यासारखे आहे. बालकांच्या काळजी व संरक्षणाच्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली, की बालगृहातील व्यक्ती बालक राहत नाही. भाषेने जिला कधीही मोठे होऊ दिले नाही, तिला कायदा एका दिवसात मोठे करतो. आणि हे मोठेपण तिच्या वाट्याला येते ते गृह सोडण्याच्या रूपाने. प्रौढांसाठी पुरेशी गृहे नसल्यामुळे पुढचा मार्ग अंधारात जातो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस टाकलेल्या अपंग व मतिमंद मुलांना वाढविले, त्यांना आपले आडनाव दिले, काहींची लग्ने लावली. आणि अठरा वर्षांनंतरही अशांना त्याच गृहात राहू द्यावे, असा कायदा करावा म्हणून ते वर्षानुवर्षे मागणी करीत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते प्रौढांनाही आपली मुले म्हणतात. तेथे तो शब्द पुन्हा निव्वळ नात्याचा होतो : आडनाव आहे, आधारपत्रावर बापाचे नाव आहे, आणि मुलीला सासरही आहे. मानखुर्दच्या पाटीवरील ‘मुले’ आणि वझ्झरच्या माणसाच्या तोंडातील ‘मुले’ हे एकच अक्षर असले तरी एकच शब्द नव्हे.

‘मूल’ या शब्दाने निदान संरक्षण तरी मिळते, हा युक्तिवाद मात्र फारसा टिकत नाही. शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहातील मृत्यूंविषयी वृत्तपत्रांत आलेल्या मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली, आणि राज्यभरच्या अशा गृहांची पाहणी करण्यासाठी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती काम करू लागली. ज्याला लेकरू म्हटले जाते त्याची तक्रार साक्ष म्हणून कोणी लिहून घेत नाही. लेकराने रडावे, आणि मोठ्यांनी त्याचे कारण ठरवावे. गृहांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेत तेथे राहणाऱ्यांनाच प्रश्न विचारण्याची पद्धत नसेल, तर इमारत, आहार आणि नोंदवह्या तपासल्या जातात, पण संध्याकाळी सात वाजल्यानंतर तेथे काय होते हे बाहेर येत नाही.

‘नातीगोती’च्या प्रयोगांना गर्दी होत असताना जी मुले बच्चूच्या वयाची होती, ती आज पन्नाशीच्या घरात आहेत. पुष्कळांचे आईवडील गेले असतील. कोणी भावाच्या घरी, कोणी बदलापुरात, कोणी अजून बोरिवलीच्या त्याच सदनिकेत म्हाताऱ्या आईबरोबर, दोघांपैकी कोण कोणाला सांभाळते हे सांगणे कठीण अशा अवस्थेत. सकाळी दूध आणतो तो, औषधाची वेळ सांगते ती. गॅस बंद केला की नाही हे पाहण्यासाठी तो रात्री दोनदा उठतो. त्याला शेजारचे लोक अजून त्याच्या लाडक्या नावाने हाक मारतात, आणि मतदारयादीत त्याचे पूर्ण नाव असते. दळवींनंतरच्या नाटककाराला या माणसाकडे यायला अजून सवड झालेली दिसत नाही.